किंक्सची ओळख करून देणारा मिक्स: पंधरा गाणी, अठ्ठेचाळीस मिनिटं

बीटल्स कुणाला ऐकवायचे तर फारशी तयारी लागत नाही. कुठूनही सुरुवात केली तरी चालून जातं. किंक्सचं तसं नाही. उत्तर लंडनच्या मझवेल हिल भागातल्या या बँडचं नाव काढलं की बहुतेकांना १९६४ चं 'यू रिअली गॉट मी' आठवतं, काहींना 'लोला', आणि गोष्ट तिथेच संपते. पुढे जाऊन शोधावं, तर तीस वर्षांत काढलेले दोन डझनांच्या आसपास स्टुडिओ अल्बम अंगावर येतात. त्यातले चार-पाच अप्रतिम आहेत, काही बरे आहेत आणि काही खरंच कंटाळवाणे आहेत. नव्या माणसाचा हात नेमका त्या कंटाळवाण्यांवर पडला तर तो पुन्हा इकडे फिरकत नाही.

म्हणून या बँडसाठी जाणत्या माणसाने बसून, विचार करून मिक्स, म्हणजे निवडक गाण्यांची ठरावीक क्रमाने लावलेली यादी, बांधायला हवा. 'सर्वोत्तम किंक्स' नावाचे तयार संग्रह ढिगाने मिळतात, पण ते बहुतेक इंग्लंडच्या हिट गाण्यांच्या यादीवरून बनवलेले असतात. किंक्सचं सगळ्यात सुंदर काम त्या काळी खपलंच नाही, त्यामुळे ते अशा संग्रहांतून हमखास निसटतं. मला मिक्सकडून हवंय ते एवढंच: शेवटचं गाणं संपल्यावर ऐकणाऱ्याने स्वतःहून १९६८ चा 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी' हा अल्बम लावावा. पुढचे सगळे निर्णय यातूनच निघतात. तुमचा मुक्काम दुसरा असेल, समजा १९६९ चा 'आर्थर', तर गाणी बदलतील. पण मुक्काम आधी ठरवा. तो ठरलेला नसेल तर मिक्समध्ये नुसती आवडती गाणी भरत जातात.

माणूस आधी, गाणी नंतर

मिक्स कुणासाठी, हा पहिला प्रश्न. 'सगळ्यांसाठी' हे उत्तर चालणार नाही. समोरचा माणूस आत्ता काय ऐकतो ते विचारा. लेड झेपेलिन किंवा मेटल ऐकणाऱ्याला किंक्सचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस याची गिटार पहिल्या पाच मिनिटांत ऐकू यायला हवी. शब्दांवर जीव असणाऱ्याला, म्हणजे ज्याला गाण्यात माणसं आणि प्रसंग लागतात त्याला, गायक-गीतकार रे डेव्हिसची कथनाची गाणी लवकर द्या. ज्याचा कान हिंदी चित्रपटगीतांवर घडलाय त्याला चाल लागते. 'सनी आफ्टरनून' आणि 'वॉटर्लू सनसेट' त्याला पहिल्या ऐकण्यातच धरतात. मी खाली दिलेला क्रम रॉक थोडंफार ऐकलेल्या, पण किंक्स न ऐकलेल्या माणसासाठी आहे. तुमच्या माणसाप्रमाणे पहिली तीन गाणी बदला, मधल्या भागाला शक्यतो हात लावू नका.

त्याचबरोबर लांबी ठरवून टाका. कॅसेटच्या काळात यादी देऊन कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घेतली जायची. तेव्हा बंधन आपोआप होतं: सी-६० म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, सी-९० म्हणजे पंचेचाळीस. पुढे कोऱ्या सीडीवर ऐंशी मिनिटं बसायला लागली आणि मिक्स लांबत गेले. प्लेलिस्टला तर मर्यादाच नाही, त्यामुळे लोक साठ गाणी टाकून मोकळे होतात आणि ती कुणी पूर्ण ऐकत नाही. ओळख करून देण्यासाठी पन्नास मिनिटांच्या आत राहा. एका बैठकीत किंवा एका प्रवासात संपला पाहिजे. साठच्या दशकातली गाणी अडीच-तीन मिनिटांची असल्यामुळे एवढ्यात पंधरा गाणी आरामात बसतात.

कुठल्या काळातून किती

किंक्सची कारकीर्द ढोबळमानाने चार तुकड्यांत पडते. निवड करण्याआधी हा नकाशा डोक्यात हवा.

पहिला तुकडा १९६४-६५ चा. रे, त्याचा धाकटा भाऊ डेव्ह, बेसवर पीट क्वेफ, ड्रम्सवर मिक एव्हरी. सतरा वर्षांच्या डेव्हने एल्पिको नावाच्या छोट्याशा अॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने चिरला, तो अॅम्प्लिफायर मोठ्या अॅम्प्लिफायरला जोडला, आणि त्यातून जो फाटका, गुरगुरणारा आवाज आला त्यावर 'यू रिअली गॉट मी' उभं राहिलं. ऑगस्ट १९६४ मध्ये ते बाहेर आलं आणि पुढच्याच महिन्यात इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्यातलं गिटारचं सोलो पुढे लेड झेपेलिनमध्ये गेलेल्या जिमी पेजने वाजवलं अशी अफवा अजून फिरते. ते डेव्हनेच वाजवलेलं आहे. हा काळ महत्त्वाचा आहे, पण त्यातली गाणी एकमेकांसारखी आहेत. मिक्समध्ये तीनच्या वर घेऊ नका, आणि ती तीन एकमेकांना चिकटवू नका.

दुसरा तुकडा १९६६ ते १९७०. हीच खाण. १९६५ च्या उन्हाळ्यातल्या अमेरिका दौऱ्यानंतर तिथल्या संगीतकारांच्या संघटनेने किंक्सना परवाने नाकारले आणि १९६९ पर्यंत त्यांना अमेरिकेत वाजवता आलं नाही. एवढी मोठी बाजारपेठ बंद झाल्यावर रे डेव्हिस आपल्या आसपासचं लिहू लागला: कराने पिचलेला श्रीमंत, भाडं थकलेलं कुटुंब, शाळेतला हुशार मुलगा, जुना मित्र, स्टेशनवर भेटणारं जोडपं. गाणी छोटी, माणसं नेमकी आणि चाल अशी की गुणगुणताना त्यातलं दुःख नंतर जाणवावं. 'फेस टू फेस', 'समथिंग एल्स', 'व्हिलेज ग्रीन', 'आर्थर' आणि 'लोला' असलेला १९७० चा अल्बम हे ओळीने पाच. माझ्या पंधरापैकी अकरा गाणी याच पाच वर्षांतली आहेत, आणि हे प्रमाण मला जराही जास्त वाटत नाही.

तिसरा तुकडा १९७१ ते १९७५. पहिलाच 'मझवेल हिलबिलीज' उत्तम आहे, पण तो सलग ऐकण्याचा अल्बम आहे. त्यातलं एकटं गाणं उचललं की उघडं पडतं. नंतरचे रंगमंचासाठी रचलेले अल्बम, दोन भागांतलं 'प्रिझर्वेशन' आणि 'सोप ऑपेरा', नव्या माणसाला दाखवूच नका. १९७२ च्या 'सेल्युलॉइड हीरोज'चा मोह होईल. गाणं मोठं सुंदर आहे, पण सहा मिनिटांच्या वर जातं आणि माझ्या यादीत एक लांब गाणं आधीच आहे. ते दुसऱ्या मिक्ससाठी राखून ठेवा.

चौथा तुकडा १९७७ नंतरचा, अमेरिकेतल्या मोठ्या सभागृहांसाठी वाजवणाऱ्या किंक्सचा. यातून एकच गाणं: 'कम डान्सिंग'. ते १९८२ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये आलं, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण मी ते त्याच्या यशासाठी घेत नाही. डेव्हिस भावंडांत सहा मोठ्या बहिणी. त्यातल्या रेनीने रेला त्याच्या तेराव्या वाढदिवशी स्पॅनिश गिटार भेट दिली आणि त्याच रात्री डान्स हॉलमध्ये नाचताना ती कोसळली आणि गेली. तिचं हृदय आधीपासून कमजोर होतं. 'कम डान्सिंग' वरवर हलकंफुलकं आहे, जत्रेतल्यासारखा की-बोर्ड वाजतो, पण ते त्या बहिणीचं आणि पाडून टाकलेल्या डान्स हॉलचं गाणं आहे. हे कळलं की 'व्हिलेज ग्रीन'चा विषय, गेलेलं जपून ठेवायची धडपड, चौदा वर्षांनंतरही रेच्या मनात तसाच असल्याचं दिसतं.

हिट गाणी वगळायला मन धजत नसेल तर एक उदाहरण आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत 'द किंक क्रॉनिकल्स' हा दोन एलपींचा संग्रह निघाला. समीक्षक जॉन मेंडेलसनने तो निवडला आणि १९६६ च्या आधीचं सगळं, अगदी 'यू रिअली गॉट मी'सुद्धा, बाहेर ठेवलं. अमेरिकेतल्या कितीतरी लोकांना मधले किंक्स याच संग्रहातून भेटले. मी तेवढ्या टोकाला जात नाही, पण त्याची हिंमत मला पटते.

आता प्रत्यक्ष कृती. मनाला येतील ती सगळी गाणी आधी एका जाड यादीत टाका. पस्तीस-चाळीस झाली तरी हरकत नाही. मग प्रत्येकासमोर लिहा: कोण गातं, वेग काय, सुरुवात कशी होते, शेवट कसा होतो आणि दुसरं कुठलंही गाणं करत नाही असं कोणतं काम हे गाणं करतं. शेवटचा रकाना रिकामा राहिला की ते गाणं बाद. 'टायर्ड ऑफ वेटिंग फॉर यू' पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं आहे, मलाही आवडतं, पण या यादीत त्याचं काम 'सी माय फ्रेंड्स' करतं आणि वर आणखी काही देतं. म्हणून ते गेलं. 'ऑटम अल्मनॅक' कापताना जास्त त्रास झाला.

आवृत्ती तपासल्याशिवाय गाणं घेऊ नका

या पायरीवर बहुतेक मिक्स बिघडतात. स्ट्रीमिंगवर गाण्याचं नाव टाइप केलं की पहिलं येतं ते मूळ असेलच असं नाही. किंक्सच्या बाबतीत तीन गोष्टी बघा.

पहिली, थेट कार्यक्रमातल्या आवृत्त्या. १९८० च्या 'वन फॉर द रोड' या लाइव्ह अल्बममुळे 'लोला', 'व्हिक्टोरिया', 'यू रिअली गॉट मी' या सगळ्यांची मोठ्या सभागृहातली रूपं शोधात वर येतात. ओळखीच्या मिक्समध्ये ती नकोत. अल्बमचं नाव आणि गाण्याची लांबी मूळ एलपीशी जुळते का ते बघा.

दुसरी, मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीतून) की स्टीरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांतून). साठच्या दशकात या गाण्यांचं ध्वनिमिश्रण मोनोत ऐकली जाण्यासाठीच झालं. १९६४-६५ ची गाणी मोनोतच घ्या. गिटार, ड्रम्स आणि आवाज एका ठिकाणाहून अंगावर येतात तेव्हाच त्यांचा धक्का जाणवतो. 'व्हिलेज ग्रीन' मोनो आणि स्टीरिओ दोन्हीत मिळतो आणि दोन्ही चांगले आहेत. हेडफोनवर ऐकणाऱ्यासाठी १९६८ पर्यंत मोनो आणि पुढे स्टीरिओ, असा साधा नियम पाळा.

तिसरी गोष्ट 'लोला'ची. १९७० मध्ये रेकॉर्ड केलेल्या मूळ गाण्याच्या पहिल्या कडव्यात कोका-कोलाचं नाव होतं. बीबीसीला गाण्यात कंपनीच्या मालाचं नाव चालत नव्हतं. रे तेव्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. एवढ्या एका शब्दासाठी तो विमानाने लंडनला परतला आणि त्याजागी 'चेरी कोला' असं गायला. सिंगलवर, म्हणजे सुट्या निघालेल्या रेकॉर्डवर, चेरी कोला, अल्बमच्या स्टीरिओ आवृत्तीत कोका-कोला. कुठलीही घ्या, पण कोणती घेतली ते माहीत असू द्या, म्हणजे सोबतच्या चिठ्ठीत ही गोष्ट बरोबर लिहिता येईल.

क्रम

कालक्रमाने लावू नका. १९६४ पासून सुरू केलं तर पहिली दहा मिनिटं एकाच ठोकणाऱ्या गिटारची होतात, आणि ऐकणारा 'अच्छा, असा बँड आहे' असं ठरवून मोकळा होतो. ते मत नंतर मोडणं अवघड. माझा क्रम असा:

१. व्हिक्टोरिया (१९६९) – ३:४०
२. ऑल डे अँड ऑल ऑफ द नाइट (१९६४) – २:२२
३. सनी आफ्टरनून (१९६६) – ३:३६
४. डेव्हिड वॉट्स (१९६७) – २:३२
५. सी माय फ्रेंड्स (१९६५) – २:४६
६. स्ट्रेंजर्स (१९७०) – ३:१८
७. लोला (१९७०) – ४:०१
८. यू रिअली गॉट मी (१९६४) – २:१४
९. पिक्चर बुक (१९६८) – २:३४
१०. डेड एंड स्ट्रीट (१९६६) – ३:२३
११. डू यू रिमेंबर वॉल्टर? (१९६८) – २:२३
१२. शांग्री-ला (१९६९) – ५:२०
१३. कम डान्सिंग (१९८२) – ३:५४
१४. वॉटर्लू सनसेट (१९६७) – ३:१६
१५. डेज (१९६८) – २:५२

आवृत्तीप्रमाणे दोन-चार सेकंद इकडेतिकडे होतील. पहिली सात गाणी सव्वाबावीस मिनिटांची, उरलेली आठ सव्वीसच्या आसपास. कॅसेटवर भरायची हौस असेल तर सी-६० च्या दोन बाजूंत नीट बसतात.

सुरुवात 'व्हिक्टोरिया'ने करण्याचं कारण: त्यात डेव्हची खरखरीत गिटार आणि रेची गोष्ट सांगण्याची रीत, दोन्ही एकत्र आहेत. गाणं राणीच्या काळचं गुणगान करतं, साम्राज्यातले देश मोजतं, त्यात आपलाही देश येतो, आणि गाणारा मात्र गरीब, साम्राज्याच्या भक्तीत बुडालेला साधा इंग्रज. आपल्याकडच्या श्रोत्याला त्यातली टोचणी समजावून सांगावी लागत नाही. त्याच्या पाठोपाठ 'ऑल डे', म्हणजे पाच वर्षं मागे जाऊन तीच गिटार कुठून आली ते ऐकू येतं. ते गाणं झटक्यात थांबतं, आणि त्या थांबण्यानंतर 'सनी आफ्टरनून'ची खाली उतरत जाणारी आळसावलेली सुरुवात फार खुलते. पहिल्या दहा मिनिटांत बँडची तीन रूपं दिसली पाहिजेत, इथे दिसतात.

'सी माय फ्रेंड्स' पाचवं आहे, आणि यावर थोडं थांबायला हवं. जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना किंक्सचा मुक्काम मुंबईत पडला. पहाटे समुद्रावर कामाला निघालेल्या मच्छीमारांचं गाणं रेच्या कानावर आलं आणि त्यातून हे गाणं सुचलं, असं त्याने अनेकदा सांगितलंय. सिंगल जुलै १९६५ मध्ये आलं. बीटल्सच्या रेकॉर्डवर सतार वाजायला अजून काही महिने होते. आपण ऐकताना त्यात कोळीगीताचा ठेका शोधू लागलो तर हाती काही लागणार नाही. सतारही नाही. आहे तो गिटारमधून काढलेला, तानपुऱ्यासारखा अखंड धरलेला सूर आणि त्यावर थोड्याशाच स्वरांत फिरणारा, नाकातून येणारा आवाज. मराठी माणसाला हा मिक्स देत असाल तर हे गाणं कापू नका. पण याने सुरुवातही करू नका. मुंबईच्या कौतुकाने गाणं ऐकलं जाईल आणि बँड बाजूला राहील.

त्याच्या मागे 'स्ट्रेंजर्स' हा या यादीतला मला सगळ्यात आवडणारा सांधा. अखंड सूर संपतो आणि जवळजवळ रिकाम्या जागेत ड्रमचा एकच साधा, चालत्या पावलांचा ठोका सुरू होतो. इथे गाणं डेव्हचं आहे, आवाजही त्याचाच. आतापर्यंत मोठ्या भावाचा गुळगुळीत, किंचित खट्याळ आवाज ऐकलेल्या कानाला हा चिरका, कळवळून येणारा आवाज अगदी वेगळा वाटतो. बँडमध्ये दोन भाऊ आहेत हे लिहून सांगण्यापेक्षा असं ऐकवणं बरं. 'द दार्जिलिंग लिमिटेड' या २००७ च्या, भारतात घडणाऱ्या चित्रपटात हे गाणं आहे; समोरच्याने तो पाहिला असेल तर इथे हमखास ओळख पटते.

पूर्वार्ध 'लोला'वर संपवतो, कारण तिचं ध्रुवपद दुसऱ्यांदा येतं तोवर ऐकणारा गाऊ लागतो. लंडनच्या सोहो भागातल्या क्लबमध्ये एका साध्यासुध्या पोराला भेटलेली लोला बाई आहे की पुरुष, याची ही गोष्ट. १९७० मध्ये अशा भेटीबद्दल कुठलीही कुचेष्टा न करता, प्रेमाने लिहिलेलं गाणं रेडिओवर वाजलं ही साधी गोष्ट नव्हती.

'यू रिअली गॉट मी' मध्यावर, आठव्या जागी. एव्हाना ऐकणाऱ्याला माहीत झालंय की हा बँड काय काय करू शकतो. आता ती सव्वादोन मिनिटं मधल्या सुस्तीला झटकतात. कॅसेटची दुसरी बाजू सुरू होते तशी. मग 'पिक्चर बुक' हा 'व्हिलेज ग्रीन'मधला पहिला घास: कुटुंबाच्या जुन्या फोटोंच्या अल्बमचं गाणं, उड्या मारत जाणारं. दोन गाण्यांनंतर त्याच अल्बममधलं 'वॉल्टर'. शाळेतल्या जिवलग मित्राची आठवण काढता काढता गाणाऱ्याच्या लक्षात येतं की तो आता भेटला तर दोघांकडे बोलायलाही काही नसेल. अडीच मिनिटांहून कमी वेळात एवढं सांगणारी गाणी मी फार थोडी ऐकली आहेत. त्या अल्बममधली दोनच गाणी घ्यायची. जास्त घेतलीत तर तो स्वतः लावायचं कारण उरणार नाही.

'सनी आफ्टरनून' आणि 'डेड एंड स्ट्रीट' मुद्दाम लांब ठेवली आहेत. दोन्ही १९६६ ची, दोन्ही पैशांच्या चणचणीची, दोन्हींवर जुन्या ब्रिटिश म्यूझिक हॉलचा, म्हणजे तिथल्या नाच-गाणी-विनोदाच्या रंगमंचाचा, संस्कार. शेजारी ठेवली तर एकाच गाण्याचे दोन भाग वाटतात. उत्तरार्धात 'डेड एंड स्ट्रीट' आलं की ऐकणाऱ्याला आधीचा तो पैसेवाला आठवतो आणि आता छताला तडा गेलेल्या घरातली माणसं दिसतात.

'शांग्री-ला' हे एकमेव लांब गाणं. एकट्या गिटारने हळू सुरू होतं, हप्त्यावर घर घेतलेल्या, खुर्चीत बसून समाधानी असलेल्या माणसाचं वर्णन करतं आणि पुढे वाद्यं चढत जाऊन गाणं उसळतं. त्या माणसाची थट्टा आहे की कणव, हे रे शेवटपर्यंत एका बाजूने सांगत नाही. हे बाराव्या जागीच चालतं. आधी ठेवलं तर लोक पुढे ढकलतात. त्यानंतर 'कम डान्सिंग'ने हवा मोकळी होते.

शेवट 'वॉटर्लू सनसेट'ने करायचा मोह आवरा. ते त्यांचं सर्वोत्तम गाणं आहे असं मीही मानतो. मागे रेच्या तेव्हाच्या पत्नीचा, रासाचा, आवाज विरघळत जातो तो हेडफोनवर ऐकायला सांगा. पण ते स्वतःत पूर्ण आहे. त्यानंतर आणखी काही लावावंसं वाटत नाही. 'डेज' वेगळं आहे. गेलेल्या माणसाचे, सोबत घालवलेल्या दिवसांबद्दल आभार मानणारं हे गाणं दार उघडं ठेवतं. शिवाय त्याची गोष्ट आपल्या मुक्कामाला जोडलेली आहे: १९६८ च्या शरदात 'व्हिलेज ग्रीन' आधी बारा गाण्यांचा तयार झाला होता आणि काही देशांत तसाच विकलाही गेला. रेने इंग्लंडमधलं प्रकाशन थांबवलं, गाणी बदलली आणि २२ नोव्हेंबर १९६८ ला पंधरा गाण्यांचा अल्बम आणला. बारांत असलेलं 'डेज' पंधरांत नाही. म्हणजे ते त्या अल्बमच्या उंबऱ्यावर राहिलेलं गाणं आहे. मिक्सच्या शेवटी त्याची जागा तिथेच.

आवाजाची पातळी आणि मधली शांतता

१९६४ चं मोनो आणि १९८२ चं चकचकीत रेकॉर्डिंग शेजारी आलं की आवाज खालीवर होतो. स्ट्रीमिंगवर आवाज समपातळीत आणण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती चालू ठेवा. स्वतःच्या सीडींवरून फाइल्स करत असाल तर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधलं लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरा आणि सगळी गाणी उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचं एकक, LUFS) आसपास आणा. निव्वळ सर्वोच्च टोकाप्रमाणे पातळी जुळवणारा पर्याय नको. त्याने कानाला ऐकू येणारी पातळी जुळत नाही. प्रत्येक गाणं अखंड एकच धरून पातळी लावा, त्याचे तुकडे करू नका. 'शांग्री-ला'ची सुरुवात हळूच राहायला हवी.

एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारी क्रॉसफेडची सोय बंद करा. 'ऑल डे' आणि 'यू रिअली गॉट मी' ठप्प थांबतात, आणि त्यापुढची क्षणभराची शांतता गाण्याचाच भाग आहे. फाइल्सचा मिक्स असेल तर साधारण दोन सेकंद अंतर ठेवा. 'सी माय फ्रेंड्स' आणि 'स्ट्रेंजर्स'मध्ये थोडं जास्त, 'लोला' विरल्यावर तीन-चार सेकंद.

ऐकून बघा, मग सोपवा

मिक्स पूर्ण झाला की लगेच पाठवू नका. एकदा सलग, काहीतरी दुसरं करताना ऐका: चालताना, स्वयंपाक करताना, लोकलमध्ये. हात आपोआप पुढचं गाणं लावायला गेला तर तिथे काहीतरी चुकलंय, बहुधा त्या गाण्याआधीच्या गाण्यात. नंतर फक्त सांधे ऐका: प्रत्येक गाण्याची शेवटची वीस सेकंदं आणि पुढच्याची पहिली वीस.

सोबत चिठ्ठी द्या. रेचे उच्चार आणि लंडनचे संदर्भ पहिल्यांदा ऐकणाऱ्याला निसटतात, म्हणून प्रत्येक गाण्याला मराठीत एकच ओळ पुरे. 'वॉटर्लू सनसेट'साठी मी लिहितो: 'खिडकीत बसलेला एकटा माणूस शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनवर भेटणाऱ्या टेरी आणि ज्युलीला बघतो.' शब्दांचं भाषांतर देऊ नका, अर्थही उलगडू नका. कोण बोलतंय आणि कुठे, एवढं कळलं की बाकीचं गाणं करतं. चिठ्ठीच्या वर ठळक लिहा: शफल बंद.

पाठवल्यावर आठवडाभर विचारू नका. मग 'आवडलं का?' असं न विचारता 'कुठलं गाणं पुन्हा लावलंस?' असं विचारा. उत्तरावरून पुढचं ठरतं. 'व्हिक्टोरिया' किंवा 'शांग्री-ला' असेल तर 'आर्थर' द्या. टीव्ही नाटकासाठी लिहिलेला, नाटक झालं नाही पण अल्बम राहिला. 'लोला' किंवा 'स्ट्रेंजर्स' असेल तर १९७० चा अल्बम. 'डेड एंड स्ट्रीट' असेल तर 'मझवेल हिलबिलीज'; जुन्या वस्तीतून उठवून नव्या घरांत टाकलेल्या माणसांची गाणी आता एकत्र ऐकायला तो तयार आहे. फक्त १९६४ ची दोन गाणी आवडली असतील तर त्याला त्या काळातली आणखी सिंगल्स द्या आणि बाकी सोडून द्या.

'पिक्चर बुक', 'वॉल्टर' किंवा 'डेज' असं उत्तर आलं तर 'व्हिलेज ग्रीन'ची वेळ झाली. स्ट्रीमिंगवर त्याच्या लांबलचक डीलक्स आवृत्त्या आहेत, त्यात एकच गाणं अनेक रूपांत येतं. त्याला पंधरा गाण्यांच्या मूळ आवृत्तीची लिंक पाठवा, नाहीतर 'पीपल टेक पिक्चर्स ऑफ ईच अदर' संपलं की थांब, असं आधीच सांगा.